पहिले दहा मीटर

आंबोलीहून सावंतवाडीकडे गाडी उतरू लागली की वळणावळणाला कानांना दडे बसतात. कुणी जांभई देतं, कुणी आवंढा गिळतं, लहान मुलं कुरकुरतात, आणि मग कानात 'टक्' होऊन सगळं पुन्हा नीट ऐकू येऊ लागतं. घाटमाथ्यावर अर्धी पिऊन बूच घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली खाली पोचेपर्यंत चेपलेली असते. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. आंबोलीहून थेट किनाऱ्यापर्यंत उतरताना कानांनी जो फरक सोसला, तेवढाच फरक समुद्रात फक्त ८० सेंटिमीटर खाली गेल्यावर होतो. घाटात कानांना सावरायला बराच वेळ मिळतो. पाण्यात दोन सेकंदांत तेवढं अंतर कापून होतं.

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदाच स्कूबा करायला आलेल्या माणसाला वेगळीच भीती असते. एवढं पाणी डोक्यावर आल्यावर आपण चिरडले जाणार नाही का? उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपलं शरीर बहुतांशी पाण्याचं आहे. रक्त, स्नायू, यकृत, मेंदू यांतलं काहीच दाबाने लक्षात येईल इतकं आक्रसत नाही. बाहेरचा दाब त्यांच्यातून जसाच्या तसा पलीकडे पोचतो, आतून-बाहेरून सारखाच होतो, आणि आपल्याला काही जाणवतसुद्धा नाही. दहा मीटर खोल गेलेल्या माणसाच्या मांडीवरचा दाब दुप्पट झालेला असतो, पण मांडीला त्याचा पत्ता नसतो. दाब जाणवतो तो जिथे हवा कोंडलेली आहे तिथेच: कानाच्या पडद्यामागची पोकळी, कपाळ आणि गालांच्या हाडांतले सायनस, फुप्फुसं, आतडी, एखादा किडलेला दात, आणि डोळ्यांवर चढवलेला मास्क. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच की पाण्याखाली इजा होते ती दाबाच्या फरकामुळे, आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो अगदी वरच्या, उथळ, निर्धास्त वाटणाऱ्या पाण्यात.

याचा हिशेब रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. आखूड बाजूचं तोंड बंद करून तिथे हवा कोंडली आणि लांब बाजूने पारा ओतत गेला. पाऱ्याचा दाब वाढेल तशी हवा आक्रसत गेली. दाब दुप्पट झाला तेव्हा हवेचं आकारमान निम्मं झालं. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतोच. समुद्रात दर दहा मीटरला त्यात साधारण तेवढीच भर पडते. त्यामुळे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट होतो. आता वरून एक लिटर हवा भरलेला फुगा खाली न्या. दहा मीटरवर तो अर्धा लिटर होईल, वीसवर लिटरचा एक तृतीयांश, तीसवर पाव. पहिल्या दहा मीटरांत त्याने अर्धा लिटर गमावला आणि शेवटच्या दहांत जेमतेम ८० मिलिलिटर. पाण्याखालचं गणित नेहमी असंच असतं: दाब सरळ रेषेत वाढत जातो, पण आकारमानाची सगळी उलथापालथ वरच्या थरात उरकून जाते. पट्टीचा डायव्हर तीस मीटरवर दोन-चार मीटर वरखाली झाला तरी त्याच्या कानांना फारसं काही वाटत नाही. पाच मीटरवर तेच केलं तर कान लगेच बोलतात. 'आपण काय, थोडंच खाली जाणार आहोत' असं म्हणणारा पर्यटक त्यामुळे सोप्या पाण्यात असतो हे खरं नाही. प्रशिक्षक सोबत असतो, दिसतं छान, वर यायला वेळ लागत नाही, हे सगळं ठीक. पण हवेच्या पोकळ्यांपुरतं बोलायचं तर तो सर्वांत खटपटीच्या थरात असतो.

महाभारतात दुर्योधन द्वैपायन सरोवरात जलस्तंभन करून लपला. त्याच्याकडे विद्या होती, तेव्हा त्याला आपले नियम लावण्यात अर्थ नाही. पण सिनेमातला नायक जेव्हा पोकळ वेळू तोंडात धरून तळ्याच्या तळाशी आरामात बसून राहतो, तेव्हा हरकत घ्यायला हवी. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम जादा दाब असतो. छातीच्या पुढच्या भागाचं क्षेत्रफळ लक्षात घेतलं तर हे ओझं शंभर किलोंच्या घरात जातं. नळीचं वरचं टोक मात्र हवेत, त्यामुळे फुप्फुसातल्या हवेवर फक्त एका वातावरणाचा दाब. हा फरक भरून काढून छाती फुगवायची म्हणजे श्वासाच्या स्नायूंनी प्रत्येक श्वासाला ते ओझं उचलायचं. धडधाकट माणसाला एखादा श्वास कसाबसा ओढता येईल, पण तसा श्वास घेत राहणं शक्य नाही. स्नॉर्केलची नळी वीतदीड वीतच असते, त्यामागे हे कारण आहे.

स्कूबाच्या रेग्युलेटरने नेमका हाच प्रश्न सोडवला. फ्रेंच नौदलातला अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ हा इंजिनिअर यांनी १९४३ मध्ये तो तयार केला. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी दुसऱ्या गॅसवर चालवण्यासाठी गान्याँने एक झडप बनवली होती. इंजिनाने ओढला तेवढाच गॅस ती सोडायची. तीच कल्पना माणसाच्या श्वासाला लावली. डायव्हर जिथे असेल तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा रेग्युलेटर त्याच्या तोंडात सोडतो. पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली तेव्हा एक गंमत झाली. आडवं पोहताना सगळं ठीक, पण उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जाऊ लागली, आणि डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड झालं. हवा आत येण्याची आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा यांच्यात वीतभर अंतर होतं. उभं-आडवं होताना त्या वीतभर पाण्याच्या दाबाचा फरक यंत्राला चकवत होता. दोन्ही झडपा शेजारी आणल्यावर दोष गेला. एका वितीच्या पाण्याने यंत्र बिघडतं, यावरून या फरकांची नजाकत लक्षात यावी.

या सोयीची किंमत हवेत मोजावी लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा वरच्या दाबाला २,४०० लिटर होते. मिनिटाला २० लिटर लागली तर हिशेबाने ती दोन तास पुरेल. तीस मीटरवर प्रत्येक श्वास चौपट दाट असतो, म्हणून तीच हवा अर्ध्या तासात संपते.

रेग्युलेटर फुप्फुसांना सांभाळतो. कानांचं काय?

कानाचा पडदा व्यासाला नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा असतो. त्यामागे मध्यकर्णाची छोटीशी, हवेने भरलेली खोली आहे, एक-दोन मिलिलिटरची. या खोलीला बाहेर जाणारी एकच वाट, ती म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूला घशात उघडणारी युस्टेशियन नळी. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं आहे. ती प्रौढ माणसात साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि एरवी मिटलेलीच राहते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, सर्दीत पटकन सुजते.

माणूस खाली उतरू लागला की बाहेरचं पाणी पडद्याला आत ढकलतं. मध्यकर्णातली हवा आक्रसते. नवी हवा आली नाही तर ती तूट शरीर आपल्या परीने भरून काढायला बघतं: पडदा आत ताणला जातो, अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव आणि पुढे रक्त पाझरतं. तीन मीटरवर, काहीच उपाय केला नाही तर, त्या इवल्या पडद्यावर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भार येतो. अशा वेळी दुखतं, आणि दुखणं चांगलंच, कारण ती सूचना असते. पण सूचना मिळेपर्यंत थांबणं चांगलं नाही. फरक साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका झाला, म्हणजे सव्वा मीटर पाण्याएवढा, की युस्टेशियन नळीचं मऊ तोंड त्या दाबानेच घट्ट मिटतं. मग कितीही जोर लावला तरी ती उघडत नाही. जितकं फुंकाल तितकी ती जास्त आवळली जाते. 'दुखू लागलं की नाक दाबून फुंकू' हा बेत इथे फसतो. उपाय एकच, अर्धा-एक मीटर वर यायचं, फरक कमी करायचा आणि मग पुन्हा बघायचं.

म्हणून शिकवताना सांगतात की कान मोकळे करायला पृष्ठभागापासूनच सुरुवात करा, अर्ध्या-अर्ध्या मीटरला करा आणि दुखायच्या आधी करा. पाय खाली ठेवून उतरलं तर बरं पडतं. डोकं खाली केलं की नाकातल्या अस्तरात रक्त साठतं आणि नळीचं तोंड सुजतं.

नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकण्याची पद्धत आंतोनियो वाल्साल्वाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १७०४ मध्ये कानावरच्या आपल्या ग्रंथात दिली, पण ती डायव्हरांसाठी नव्हती. कानात झालेला पू बाहेर काढण्यासाठी होती. ही पद्धत सोपी आहे, म्हणून सगळ्यांना हीच शिकवली जाते, पण तिच्यात एक खोट आहे. घाबरलेला माणूस जिवाच्या आकांताने फुंकतो. छातीचा सगळा जोर लागला की डोक्यातल्या द्रवाचाही दाब वाढतो आणि तो अंतःकर्णापर्यंत पोचतो. तिथल्या नाजूक खिडकीचा पापुद्रा फाटला तर भोवळ, कानात गुणगुण आणि कधीकधी कायमचा बहिरेपणा येतो. पडद्याचं भोक बहुधा आपोआप भरतं. अंतःकर्णाचं नुकसान तसं भरून येईलच असं नाही. माझ्या मते दुसरी पद्धत शिकायची तसदी प्रत्येकाने घ्यावी. जर्मन हवाई दलातला डॉक्टर हेर्मान फ्रेंझेल याने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला सूर मारून बाँब टाकणाऱ्या वैमानिकांना ती शिकवली. नाक चिमटीत धरायचं, घसा बंद करायचा आणि जिभेचा मागचा भाग टाळूकडे ढकलायचा. छातीचा जोर लागतच नाही. आरशासमोर बसून सराव केला तर जमते. जोसेफ टॉयनबीची त्याहून जुनी युक्ती आणखी साधी, नाक धरून आवंढा गिळायचा.

पडदा फाटलाच तर थंड पाणी मध्यकर्णात शिरतं. एका बाजूच्या अंतःकर्णाला अचानक गार स्पर्श झाला की तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते आणि भोवळ येते, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेनासं होतं. पाणी शरीराइतकं कोमट झालं की ती ओसरते. पण तोवर धीर धरणं सोपं नसतं. कानात बोळे घालून डाइव्ह करायची नाही, त्याचंही कारण इथेच आहे. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये आणखी एक बंद पोकळी तयार होते, आणि तिला हवा पुरवायची वाट कुठूनच नाही.

पोहण्याचा चष्मा डाइव्हला चालत नाही याचं कारणही तसंच. त्यात फक्त डोळे झाकले जातात. आतली हवा आक्रसली की चष्मा डोळ्यांवर शोषला जातो आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं. डाइव्हच्या मास्कमध्ये नाकही आत घेतलेलं असतं ते केवळ पाणी जाऊ नये म्हणून नव्हे. मधूनमधून नाकाने थोडी हवा सोडून मास्कमधली पोकळी भरत राहायचं असतं. झुपकेदार मिशी असेल तर मास्कची रबराची कड तिच्यावर नीट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. मिशीच्या अभिमानाचा प्रश्न कुणी कसा सोडवावा हे मी सांगू शकत नाही.

मास्कच्या या शोषण्याचं भयंकर रूप जुन्या काळच्या पितळी शिरस्त्राणात दिसत असे. वरून नळीने हवा पुरवली जायची. नळी पाण्यावर फुटली आणि शिरस्त्राणाच्या तोंडाशी उलटी न जाऊ देणारी झडप नसली तर आतली हवा एका झटक्यात वर पळायची. शरीरावर तळाचा दाब, डोक्याभोवती वरचा. डायव्हरचं शरीर शिरस्त्राणाकडे ओढलं जायचं. अशा अपघातांनंतर ती झडप सक्तीची झाली.

दात आणि आतड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अर्धवट भरलेल्या किंवा किडलेल्या दाताखाली हवेचा कण अडकला तर खोलीवर कळ येते. ही तक्रार पूर्वी वैमानिकांमध्ये पुष्कळ नोंदली गेली. पाण्याखाली हवा गिळली तर वर येताना ढेकर येतात.

आता फुप्फुसं. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या फुप्फुसांचं काय होतं, यावर एके काळी डॉक्टरांचं गणित ठाम होतं. पूर्ण भरलेल्या फुप्फुसात साधारण सहा लिटर हवा मावते. जोर लावून सगळी सोडली तरी सव्वा-दीड लिटर आत उरतेच, कारण बरगड्यांचा पिंजरा त्याहून आवळत नाही. सहाचा चौथा हिस्सा दीड. म्हणजे तीस मीटरच्या थोडं पुढे गेलं की छाती मोडणार. पण माणसं त्यापुढे जाऊन हसत परत येऊ लागली. अमेरिकी नौदलातला रॉबर्ट क्रॉफ्ट पाणबुडीतून सुटकेच्या सरावाच्या टाकीवर प्रशिक्षक होता. १९६८ मध्ये तो एका श्वासावर ७३ मीटर गेला. त्याच्यावर केलेल्या मोजमापांतून कार्ल शेफर आणि सहकाऱ्यांना दिसलं की खोलीवर हातापायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं. जवळजवळ एक लिटर रक्त फुप्फुसांच्या वाहिन्यांत येऊन हवेने सोडलेली जागा भरतं. रक्त आक्रसत नाही, म्हणून छाती टिकते. १९७६ मध्ये जाक मायोलने इटलीच्या एल्बा बेटाजवळ शंभर मीटरचा टप्पा गाठला.

स्कूबा करणाऱ्याला या कसोटीतून जावं लागत नाही, कारण रेग्युलेटर त्याची फुप्फुसं प्रत्येक खोलीवर पूर्ण भरून ठेवतो. त्याचा धोका उलट्या दिशेने येतो. दहा मीटरवर पूर्ण श्वास घेतला म्हणजे आत सहा लिटर हवा, दुप्पट दाबाची. श्वास रोखून वर आलं तर पृष्ठभागावर ती बारा लिटर व्हायला बघते, आणि फुप्फुसात जागा सहाचीच. योगाभ्यासात कुंभकाला कितीही महत्त्व असलं तरी सिलिंडर पाठीवर असताना कुंभक वर्ज्य. नवख्या माणसाला घाबरल्यावर नेमका तोच सुचतो. नाकातोंडात पाणी जाईल असं वाटतं, तो दम कोंडतो आणि वर झेपावतो. फुप्फुसाच्या ऊतीत ताण कळवणाऱ्या वेदनेच्या नसा नसतात. कान आधी दुखून सांगतो, फुप्फुस काहीच सांगत नाही. आणि इथे खोलीही फार लागत नाही. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांनी सव्वा मीटरवरून दम कोंडून वर आलं तरी वायुकोश फाटू शकतात. पोहण्याच्या तलावाची खोली याला पुरते.

फाटलेल्या वायुकोशांतून हवा निघाली की ती कुठेही वाट काढते. छातीच्या पोकळीत शिरली तर फुप्फुस दबून बसतं. मानेच्या कातडीखाली आली तर बोटाने दाबल्यावर चरचर लागते आणि आवाज बदलतो. सगळ्यात वाईट म्हणजे ती फुप्फुसातल्या शिरांत शिरून हृदयाच्या डाव्या बाजूला जाते आणि तिथून थेट मेंदूकडे. पृष्ठभागावर आल्यावर काही मिनिटांच्या आत माणसाची शुद्ध हरपते, एक बाजू लुळी पडते. शुद्ध ऑक्सिजन देत त्याला दाबकक्षात पोचवायचं, तिथे पुन्हा दाब वाढवून बुडबुडे लहान करायचे आणि मग सावकाश दाब उतरवायचा, हा त्यावरचा इलाज. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडून होणारा त्रास हा वेगळा विषय आहे. इलाज सारखा असला तरी कारण वेगळं, म्हणून तो इथे घेत नाही.

हे टाळण्यासाठी लागतं ते फार थोडं: श्वास चालू ठेवणं. रेग्युलेटर तोंडातून सुटला तरी ओठ किंचित उघडे ठेवून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. तसं वर येताना 'हवा संपेल' ही भीती खोटी ठरते, कारण छातीतली हवा फुगतच असते, सोडली तरी उरते. वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवतात, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची रीत आहे. खुणा बोटीवरच नीट समजून घ्याव्यात. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. सगळं ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनीचं कडं करून देतात. कान दुखत असेल तर कानाकडे बोट करून तळहात डुलवायचा.

बोटीत चढण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. त्यातले प्रश्न लोक घाईघाईने 'नाही, नाही' करत सोडवतात, आणि हे मला पटत नाही. दमा आहे का, हे विचारण्याचं कारण असं की कफाने किंवा आकुंचनाने अडलेल्या श्वासनलिकेमागे हवा कोंडते, आणि तो माणूस श्वास सोडत असला तरी तेवढा कोपरा श्वास रोखून वर येतो. फुप्फुस पूर्वी आपोआप गळून बसलेलं असेल तर बहुतेक डॉक्टर डाइव्हला कायमची मनाई करतात. कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर कानाच्या डॉक्टरांना विचारूनच यावं.

सर्दीचा प्रश्न सगळ्यात क्षुल्लक वाटतो, आणि त्यावरच सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. नाकात थेंब घालून किंवा गोळी घेऊन कान आणि सायनस तात्पुरते मोकळे होतात, माणूस सहज खाली उतरतो. अर्ध्या वाटेत औषधाचा असर सरतो, अस्तर पुन्हा सुजतं आणि सायनसची वाट बंद होते. आत आता खोलीवरच्या दाबाची हवा भरलेली असते. वर येऊ लागलं की ती फुगते, आणि बाहेर पडायला जागा नाही. कपाळात भाल्यासारखी कळ उठते, कधी मास्कमध्ये रक्त दिसतं. उतरताना कान अडले तर डाइव्ह तिथेच सोडून परत फिरता येतं. इथे ती सोय नाही. थोडं खाली जायचं, कळ कमी झाली की पुन्हा वर सरकायचं, पुन्हा थांबायचं, आणि हे सगळं सिलिंडरच्या दाबाचा काटा बघत करायचं.